घटनास्थळी सुरक्षितपणे काम करण्याचा क्रम: बोलावणे येण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

गुन्ह्याच्या घटनास्थळी छायाचित्रे घेणारे, ठसे उचलणारे, रक्ताचे व इतर नमुने गोळा करणारे, मृतदेह हलवणारे आणि शेवटी ती जागा स्वच्छ करणारे अशा सर्वांसाठी हा लेख आहे. हातमोजे, मास्क आणि संरक्षक पोशाख वापरावा हे यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती क्रमात. आत शिरल्यावर मग धोके शोधायला सुरुवात होते, रक्ताने माखलेल्या हातमोज्यानेच मोबाइल उचलला जातो, आणि काम उरकल्याच्या समाधानात पोशाख घाईघाईने ओढून काढला जातो. सगळी साधने अंगावर असूनही माणूस बाधित होतो तो अशाच वेळी.

म्हणून प्रत्यक्ष कामात जे आधी यायला हवे तेच येथे आधी दिले आहे, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये तपासणी दिली आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नये.

एक गैरसमज आरंभीच दूर करायला हवा. सुरक्षिततेची काळजी घेत बसले की पुराव्याचे काम रेंगाळते, असे अनेकांना वाटते. वास्तविक प्रत्येक वस्तूनंतर हातमोजे बदलणे, ठरलेल्या एकाच वाटेने ये-जा करणे, आत काहीही न खाणे-पिणे हे नियम माणसाला जपतात तसेच पुराव्यालाही परक्या डीएनएपासून जपतात. क्वचित दोघांत खरोखरच विरोध येतो, म्हणजे छत कोसळण्याच्या बेतात असते किंवा वायुमापक वाजू लागतो. तेव्हा पुरावा आहे तेथे सोडून बाहेर पडावे.

टप्पा १: बोलावणे येण्याआधीची तयारी

पहिली तयारी शरीराची. हिपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस सामान्यतः पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी घेतले जातात. अनेकजण दोन डोस घेऊन थांबतात, आणि तिन्ही घेणाऱ्यांतलेही बरेचजण पुढची रक्ततपासणी करत नाहीत. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) पातळी तपासून ती प्रति मिलिलिटर किमान १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके आहे याची खात्री करावी, कारण काही जणांच्या शरीरात लस घेऊनही पुरेसे संरक्षण तयार होत नाही. धनुर्वाताचा वर्धक डोस दर दहा वर्षांनी घ्यावा. दूषित व खोल जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटून गेली असतील तर तो लवकरही द्यावा लागतो.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांवरून कळते. बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता, रुग्णाच्या रक्तातील विषाणूंच्या प्रमाणानुसार, साधारण ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. म्हणजे लोक ज्याला सर्वाधिक घाबरतात त्यापेक्षा ज्याची लस सहज मिळते तोच आजार येथे कितीतरी पट अधिक संसर्गजन्य आहे. हिपॅटायटिस-सी वर मात्र लस नाही. तेथे सुई टोचू न देणे हाच उपाय. ‘रक्त वाळले आहे, आता काही होत नाही’ हे वाक्य तर कामाच्या ठिकाणी कोणालाही बोलू देऊ नये. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो.

दुसरी तयारी मास्कची. एन-९५ प्रकारचा मास्क चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसला तरच त्याचा उपयोग आहे. कोणते माप आणि कोणती बनावट आपल्या चेहऱ्याला बसते याची चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी. दाढीचे केस मास्कच्या कडेखाली येत असतील तर हवा फटीतून आत येते, मास्क कितीही चांगला असो. शिवाय हा मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. वायू व बाष्पांसाठी ते गाळणारी योग्य ती डबी (कार्ट्रिज) बसवलेला श्वसनमुखवटा लागतो, आणि हवेत प्राणवायूच कमी असेल तर तोही निरुपयोगी ठरतो.

तिसरी तयारी पेटीची. तिच्यात दोन मापांचे नायट्राइलचे हातमोजे, टोकदार वस्तूंसाठी वेगळे जाड हातमोजे, अंगभर पोशाख, बूटआवरणे, बाजूंनी बंद असलेला चष्मा, लांब दांड्याचे चिमटे, लहान आरसा, दोन टॉर्च, सुया टाकण्याचा न भेदला जाणारा डबा, डोळे धुण्याचे द्रावण, साबण, पाणी आणि जैवधोक्याचे चिन्ह असलेल्या पिशव्या असाव्यात. टोचण्या-कापण्याची दुर्घटना घडल्यास चोवीस तास उपचार देणारे रुग्णालय कोणते, हे आधी विचारून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवावे. दुर्घटनेनंतर ते शोधत बसण्यात जो वेळ जातो तोच उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो.

तपासणी: प्रतिपिंडांचा अहवाल हाती आहे का? मास्कची चाचणी या वर्षात झाली आहे का? वायुमापकाची बॅटरी चालू आणि अंशांकन (कॅलिब्रेशन) वैध आहे का?

टप्पा २: निघण्याआधी विचारायचे प्रश्न

बोलावणे येताच पेटी उचलून धावू नये. जो माहिती देत आहे त्याला फोनवरच काही प्रश्न विचारावेत: जागा बंदिस्त आहे की उघडी, संशयित ताब्यात आहे का, शस्त्र दिसले आहे का, आग, वायूचा वास, रसायनांचे डबे किंवा पांढरी भुकटी याबाबत कोणी काही बोलले आहे का, मृतदेह असल्यास किती काळापासून पडून असावा, पाळीव प्राणी मोकळे आहेत का, वीज चालू आहे का. सर्वांत आधी आत गेलेल्यांपैकी कोणाला चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांची आग असा त्रास झाला आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तर ‘हो’ आले तर आत असलेल्या सर्वांना ताबडतोब बाहेर यायला सांगावे.

एकट्याने जाऊ नये. आत एक माणूस असेल तर बाहेर त्याच्यावर लक्ष ठेवणारा, त्याच्याशी बोलू शकणारा दुसरा हवा.

टप्पा ३: उंबऱ्याबाहेरची पाहणी

या टप्प्याला घाई सर्वाधिक होते, म्हणून तो सविस्तर पाहू.

१. वाहन बाहेर पडण्याच्या दिशेला तोंड करून उभे करावे आणि त्याने रुग्णवाहिकेची वाट अडणार नाही हे पाहावे. रस्त्यावरील घटनास्थळी वाहतूक ज्या बाजूने येते त्या बाजूला मोठे वाहन आडोशासारखे उभे करावे, चमकपट्ट्यांचे जाकीट संरक्षक पोशाखाच्याही वर घालावे आणि येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून वाकू नये. अपघातग्रस्त गाडीतील न फुटलेल्या हवापिशव्या बॅटरी तोडल्यावरही काही काळ उघडू शकतात, त्यामुळे सुकाणूचाक आणि आसन यांच्यामध्ये डोके घालून नमुने घेऊ नयेत. विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी तारांना हात लावू नये. तिची बॅटरी विझल्यासारखी दिसत असली तरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा पेट घेऊ शकते.

२. जागा निर्धोक झाल्याचे सुरक्षा-दलाच्या जबाबदार व्यक्तीकडून स्वतः ऐकावे. ‘बघितले आहे’ एवढे पुरेसे नाही. माळा, स्नानगृह, कपाटे, गच्ची आणि मागचा दरवाजा पाहिला का, असे नाव घेऊन विचारावे. काम चालू असेपर्यंत दाराशी पहारा राहील याचीही खात्री करावी, कारण संशयित किंवा संतापलेले नातेवाईक परत येण्याची शक्यता असते आणि जमिनीवर वाकून ठसे शोधणाऱ्याचे लक्ष दाराकडे नसते.

३. तीन पट्टे आखावेत. आतला पट्टा दूषित, त्यात पूर्ण पोशाखाशिवाय कोणी नाही. मधला पट्टा पोशाख उतरवण्याचा आणि वस्तू बाहेर देण्याचा. बाहेरचा पट्टा स्वच्छ. पाणी पिणे, लिहिणे, फोन करणे हे सर्व तेथे. मधला पट्टा न आखणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो नसला की पोशाख गाडीच्या दाराशी उतरवला जातो आणि घाण गाडीत जाते.

४. वीज, वायू आणि इमारतीची स्थिती पाहावी. ओली जमीन, लोंबणारी तार किंवा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाल्याचा संशय असेल तर अधिकृत वीजतंत्रज्ञाने पुरवठा तोडून तसे सांगेपर्यंत कोणी आत जाऊ नये. वायूचा वास येत असेल तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद दोन्ही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते.

५. हवा मोजावी. तळघर, टाकी, विहीर, बंद गाडी, दारेखिडक्या आतून चिकटवलेली खोली, शेगडी जळत राहिलेली खोली किंवा मृतदेह बराच काळ पडून असलेली बंद जागा, या सर्व ठिकाणी आधी मापक, मग माणूस. मोजण्याचा क्रम ठरलेला आहे: प्रथम प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. प्राणवायूचे सर्वसाधारण प्रमाण २०.९ टक्के असते, १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर गेल्यास आत जाऊ नये. ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांवर पोहोचला तरी थांबावे. मिथेन हवेपेक्षा हलका आणि हायड्रोजन सल्फाइड जड असतो, म्हणून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही उंचींवर मोजमाप घ्यावे.

इशारा: नाकावर विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, परंतु दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग एवढे प्रमाण झाले की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. आत गेलेला सहकारी कोसळला तर त्याच्यामागे तसेच धावू नये. बंदिस्त जागेतील दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच बळी पडल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत. बाहेर राहून मदत मागवावी आणि हवेची टाकी व दोरी असलेल्या पथकालाच आत जाऊ द्यावे.

६. जेथे थांबून तज्ज्ञांना बोलवायचे ती ठिकाणे ओळखावीत. काचेची उपकरणे, नळ्या, तीव्र वासाची रसायने आणि झाकलेल्या खिडक्या दिसल्या तर तो अमली पदार्थ बनवण्याचा अड्डा असू शकतो. कशालाही हात न लावता, काहीही चालू किंवा बंद न करता, आल्या वाटेने मागे फिरावे. स्फोटकाचा संशय असल्यास सर्वांना मागे घ्यावे, जवळपास बिनतारी संच किंवा मोबाइल वापरू नये, आणि बघ्यांसाठी किंवा मदतीला येणाऱ्यांसाठी दुसरे स्फोटक ठेवलेले असू शकते हे लक्षात घेऊन जमण्याची जागाही तपासून घ्यावी. कीटकनाशकाची विषबाधा असेल तर काही गोळ्या ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. उलटी, उघडी डबी आणि मृतदेह यांच्याजवळ वायुवीजनाशिवाय वाकू नये.

जळालेल्या जागेबद्दल थोडे अधिक. आग विझल्यावर ‘आता नुसती राख आहे’ असे समजून साध्या मास्कने, कधी त्याशिवायही, तपास सुरू होतो. राखेत व हवेत बेंझिनसारखी कर्करोगकारक द्रव्ये, जुन्या बांधकामातील ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि धुमसणाऱ्या वस्तूंतून निघणारे विषारी वायू असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामाला कर्करोगकारक व्यवसायांच्या सर्वांत वरच्या गटात ठेवले. विझलेल्या जागी तासन्‌तास राख उपसणाऱ्याने यातून योग्य तो बोध घ्यावा: कण आणि वायू दोन्ही अडवणारा मुखवटा, पुरेसे वायुवीजन, आणि फरशी व जिना भार सोसतील असे बांधकामतज्ज्ञाने सांगितल्यावरच प्रवेश.

तपासणी: जागा निर्धोक असल्याचे कोणी सांगितले त्याचे नाव व वेळ नोंदवली का? हवेची मोजमापे लिहिली का? बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठाऊक आहेत का?

टप्पा ४: पोशाख चढवणे

आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि पाणी प्यावे. एकदा पोशाख चढला की दोन्ही अवघड. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातले काढून ठेवावे, केस बांधावेत, हातावरील ओरखड्यांवर पाणी न झिरपणारी पट्टी लावावी. मग पुढील क्रम पाळावा.

१. हातमोज्यांचा पहिला जोड घालावा.
२. पोशाख कमरेपर्यंत चढवून मग बाह्या घालाव्यात; पहिल्या जोडाची कड बाहीच्या आत राहिली पाहिजे.
३. मास्क लावून दोन्ही तळवे त्यावर ठेवून जोरात श्वास सोडावा व घ्यावा. कडेने हवा निसटली तर पट्ट्या नीट करून पुन्हा पाहावे.
४. चष्मा लावावा. रोजचा नंबरचा चष्मा संरक्षण देत नाही. बाजूने उडालेला थेंब डोळ्यात जातोच.
५. पोशाखाची टोपी मास्क व चष्म्याच्या पट्ट्यांवरून ओढावी. उलट केले, म्हणजे पट्ट्या टोपीवर राहिल्या, तर उतरवताना आधी चष्मा आणि मास्क काढावे लागतात आणि दूषित पोशाख अंगावर असताना चेहरा उघडा पडतो.
६. बूटआवरणे चढवावीत. गुळगुळीत फरशीवर ती घसरतात, म्हणून खडबडीत तळव्याचीच घ्यावीत.
७. हातमोज्यांचा दुसरा जोड बाहीच्या वरून घालावा.

सहकाऱ्याने समोरून व मागून पाहून दुजोरा द्यावा, आणि पाठीवर नाव व आत जाण्याची वेळ लिहावी. वेळ लिहिण्याचे कारण उष्णता हे आहे. बंद पोशाखात घाम सुकत नाही आणि शरीराचे तापमान चढत जाते. डोके दुखणे, चिडचिड, चुकीचे लेबल लावणे ही लक्षणे दिसू लागली की त्या व्यक्तीला बाहेर काढावे. तिला स्वतःला ते बहुधा जाणवत नाही, त्यामुळे पाळी किती मिनिटांची हे बाहेरच्या माणसाने ठरवावे.

टप्पा ५: आतले काम

आत जाताना एकच वाट ठरवून तिच्यावर पायपट्ट्या टाकाव्यात. पहिली फेरी फक्त पाहण्याची, हात मागे ठेवून. पायाखाली काच, सुया, उघडे काडतूस, मोडकी फळी. डोक्याच्या पातळीवर लोंबती वस्तू. कोपऱ्यात प्राणी किंवा साप. हे सारे टिपून झाल्यावरच दुसऱ्या फेरीत कामाला सुरुवात करावी.

*टोकदार वस्तू.* दिसत नाही तेथे हात घालायचा नाही, हा या टप्प्याचा मुख्य नियम. खिसे, गाद्यांच्या फटी, आसनांच्या मागच्या बाजू, कचऱ्याच्या पिशव्या, कपाटांचे वरचे कप्पे या ठिकाणी आधी टॉर्च आणि आरसा वापरावा. खिसा हाताने चाचपण्याऐवजी कापड बाहेरून चिमट्याने धरून उलटावा किंवा आतील वस्तू कागदावर हलकेच ओताव्यात. सुईला टोपण परत लावण्याचा प्रयत्न कधीही करू नये. सुई टोचण्याच्या अनेक घटना त्याच हालचालीत घडतात. सुईचा डबा सुईजवळ न्यावा, सुई हातात घेऊन डब्यापर्यंत चालत जाऊ नये. नायट्राइलचा हातमोजा रक्त अडवतो. सुई किंवा काच अडवत नाही.

*बंदुका.* प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच धरून चालावे, ती रिकामी असल्याचे कोणी सांगितले असले तरी. छायाचित्र व नोंद झाल्यावर ती रिकामी करण्याचे काम त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करावे. काडतुसांची पेटी काढल्यावरही एक गोळी नळीच्या मागच्या कक्षात राहिलेली असू शकते. नळीत पेन किंवा पेन्सिल घालून बंदूक उचलण्याची जुनी सवय दुहेरी घातक आहे: नळीतील खुणा बिघडतात आणि नळीचे तोंड कोणाकडे वळते याकडे लक्ष राहत नाही.

*अज्ञात भुकटी.* हुंगू नये, झटकू नये, पंख्याखाली उघडू नये. फेंटानिलसारख्या तीव्र अमली द्रव्यांचा मुख्य धोका भुकटी हवेत उडून श्वासातून जाण्याचा आहे. त्वचेला क्षणभर स्पर्श झाल्याने माणूस लगेच बेशुद्ध पडतो ही भीती अतिरंजित आहे. त्वचेवर सांडल्यास साबण आणि पाण्याने धुवावे. अल्कोहोलयुक्त हातजंतुनाशक वापरू नये. त्याने द्रव्य निघून जात नाही, उलट ते त्वचेत शोषले जाण्यास मदत होऊ शकते. असे काम अपेक्षित असल्यास नॅलोक्सोन (अशा द्रव्यांवरील उतारा) आणि ते देता येणारी व्यक्ती जवळ असावी.

*ठशांची पावडर, रसायने आणि प्रकाश.* हे धोके आपणच सोबत आणलेले असतात, म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. ठशांची काळी पावडर बंद खोलीत तासभर उडवली की ती फुप्फुसात जाते. मास्क लावावा, ब्रश आपटू नये. ठसे उमटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायनोॲक्रिलेटची (सुपरग्लूची) वाफ डोळ्यांना व श्वासनलिकेला त्रास देते आणि अति तापवल्यास विषारी हायड्रोजन सायनाइड निर्माण होऊ शकतो, म्हणून ती प्रक्रिया वायुवीजन असलेल्या बंद पेटीतच करावी. कागदावरील ठसे दाखवणाऱ्या निनहायड्रिनच्या द्रावणातील द्रावके ज्वलनशील असतात. जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. निळ्या प्रकाशासाठी नारिंगी चष्मा लागतो, परंतु तोच चष्मा प्रत्येक तरंगलांबीला चालत नाही. दिव्यासोबतच्या तक्त्यात पाहून चष्मा निवडावा आणि खोलीतील प्रत्येकाने तो लावल्यावरच दिवा सुरू करावा. आरसे व चकचकीत भांडी प्रकाश परत फेकतात हेही ध्यानात ठेवावे.

*धूळ व विष्ठा.* उंदरांच्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेली बंद जागा कोरडी झाडू नये. तिच्यातून हंटाविषाणू किंवा बुरशीचे बीजाणू हवेत जातात. पुराव्याचे काम संपल्यावर जंतुनाशक फवारून विष्ठा भिजवावी आणि मगच काढावी.

इशारा: कॅमेरा, पेन आणि मोबाइल यांना दूषित हातमोजा लावू नये. शक्य तेथे छायाचित्रकार वेगळा, वस्तू हाताळणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा असावा. एकालाच सर्व करायचे असेल तर प्रत्येक वेळी बाहेरचा जोड बदलावा. रक्त लागलेला कॅमेरा डोळ्याला लावणे म्हणजे रक्त डोळ्याला लावणेच.

टप्पा ६: वस्तू बांधणे

रक्ताने ओले कपडे प्लास्टिकमध्ये बंद केले की बुरशी येते आणि पुरावा कुजतो. ते कागदी वेष्टनात, वाळवण्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत गळणार नाहीत अशा बाहेरच्या आवरणासह न्यावेत आणि तेथे लगेच उघडून वाळवावेत. चाकू, काच, सुई मात्र कागदी पाकिटात कधीही घालू नये. चाकू कडक खोक्यात तळाशी बांधून, सुई घट्ट झाकणाच्या न भेदल्या जाणाऱ्या नळीत. प्रयोगशाळेत पाकीट उघडणाऱ्याला आत काय आहे हे बाहेरूनच कळले पाहिजे, म्हणून जैवधोका, टोकदार वस्तू, भरलेले काडतूस असे जे असेल ते मोठ्या अक्षरांत लिहावे. पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवू नये, हे सांगावे लागू नये, तरीही सांगतो.

तपासणी: एखादे पाकीट ओलसर आहे का? कोणते टोक बाहेर आले आहे का? आत नेलेली प्रत्येक वस्तू मोजून बाहेर आली का?

टप्पा ७: पोशाख उतरवणे

सर्वांत जास्त शिस्त येथे हवी, कारण माणूस थकलेला असतो आणि पोशाखाची बाहेरची बाजू सर्वांत दूषित असते. मधल्या पट्ट्यात, सहकाऱ्याने मोठ्याने क्रम सांगावा आणि उतरवणाऱ्याने तो ऐकून एकेक कृती करावी.

१. बूटआवरणे आणि बाहेरचे हातमोजे काढावेत. हातमोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढावा. दुसरा काढताना बोट त्याच्या आतून सरकवावे.
२. टोपी मागे सारावी, चेन उघडावी आणि पोशाख खांद्यांपासून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली न्यावा. झटकू नये.
३. आतले हातमोजे काढून हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत.
४. चष्मा मागच्या पट्टीला धरून काढावा. काचेला हात लावू नये.
५. मास्क शेवटी, आधी खालची पट्टी, मग वरची. पुढच्या भागाला स्पर्श न करता.
६. हात पुन्हा धुवावेत. चेहऱ्याला हात लावण्याची मोकळीक यानंतरच.

हा क्रम वाचून येत नाही. सराव करताना हातमोज्यांवर व पोशाखावर ओला रंग लावून सर्व उतरवावे आणि अंगावर रंग कोठे लागला ते पाहावे. मनगट, मान आणि गाल या जागी तो हमखास सापडतो. नवख्या व्यक्तीला खऱ्या घटनास्थळी नेण्याआधी हा सराव रंगाचा एकही डाग न पडेपर्यंत करवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

टप्पा ८: दुर्घटना घडल्यास

सुई टोचली किंवा कापले तर काम तेथेच थांबवावे. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये, तिच्यावर ब्लीच ओतू नये. डोळ्यात थेंब उडाल्यास स्वच्छ पाण्याने किंवा डोळे धुण्याच्या द्रावणाने भरपूर धुवावे, आणि रसायन असेल तर किमान १५ मिनिटे. मग पर्यवेक्षकाला सांगून लगेच रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर, शक्यतो काही तासांतच, सुरू होतील तितके चांगले. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही असे धरले जाते, आणि ती २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. हिपॅटायटिस-बीचे संरक्षण नसलेल्या व्यक्तीला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे लागते. त्याच दिवशी घेतलेला रक्ताचा पहिला नमुना नंतर तुलनेसाठी आणि नुकसानभरपाईच्या दाव्यासाठीही आवश्यक असतो.

‘छोटेसेच टोचले आहे, काम संपवून जातो’ असे म्हणणाऱ्याला पर्यवेक्षकाने स्वतः बाहेर काढावे. घटना लिहिताना दोष कोणाचा हे शोधू नये. काय टोचले, कोठे, कोणत्या कृतीत, हे लिहावे. दोषाची भीती असली की माणसे टोचलेले लपवतात.

टप्पा ९: साधनांची स्वच्छता आणि जागेचे हस्तांतर

कठीण पृष्ठभागांवरील रक्त आधी शोषक कागदाने टिपून घ्यावे आणि मग जंतुनाशक लावावे, कारण साचलेल्या रक्तावर ओतलेले ब्लीच निष्प्रभ होते. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे द्रावण त्याच दिवशी तयार करून किमान दहा मिनिटे ओले ठेवावे. लावून लगेच पुसणे ही नेहमीची चूक आहे. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्लयुक्त स्वच्छक मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. पुराव्याचे काम पूर्ण झाल्याचे लेखी कळेपर्यंत ब्लीच वापरू नये, कारण रक्ताचे न दिसणारे डाग चमकवून दाखवणारे ल्युमिनॉल हे रसायन ब्लीचवरही चमकते आणि चाचणी फसते. कॅमेऱ्यासारखी साधने ब्लीचने खराब होतात, त्यांना ७० टक्के अल्कोहोलचे पुसणे वापरावे. रोजचे बूट व गणवेश घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते कामाच्या ठिकाणीच बदलावेत आणि वेगळे धुवावेत.

जागा सोडताना पुढे येणाऱ्याला, मग तो स्वच्छता करणारा असो की घरमालक, काय मागे राहिले आहे ते लेखी द्यावे: कोणत्या खोलीत रक्त, कोठे पावडर, कोणते रसायन फवारले, कोठली फळी कमकुवत, एखादी न सापडलेली सुई असण्याची शक्यता. ही चिठ्ठी बहुधा कोणी देत नाही, आणि त्यामुळे सर्वांत कमी प्रशिक्षण असलेला माणूस सर्वांत कमी माहितीनिशी आत शिरतो.

टप्पा १०: परतल्यानंतर

रात्रभर काम केलेल्या व्यक्तीने स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. परतीची सोय पाळी ठरवतानाच करावी.

मनावर होणारा परिणाम हाही कामाच्या ठिकाणचा धोकाच आहे आणि त्याची नोंद इतर इजांप्रमाणेच व्हायला हवी. लहान मुलाचा मृत्यू, ओळखीच्या व्यक्तीचे घटनास्थळ किंवा लागोपाठची भीषण दृश्ये यांनंतर पर्यवेक्षकाने प्रत्येकाची स्वतंत्रपणे विचारपूस करावी. सर्वांना एकत्र बसवून लगेच अनुभव बोलायला भाग पाडू नये. अशा सक्तीच्या एकाच बैठकीचा लाभ दिसून आलेला नाही आणि काहींना त्याने त्रासच होतो. बोलायची इच्छा असणाऱ्याला विश्वासू सहकारी मिळावा, इतरांना विश्रांती. पहिल्या काही दिवसांत झोप न लागणे किंवा दृश्य डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकांना होते आणि हळूहळू कमी होते. महिनाभरानंतरही ते तसेच असेल, वासाने किंवा आवाजाने दचकायला होत असेल, कामावर जाणे टाळावेसे वाटत असेल किंवा झोपेसाठी दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवावी. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येत असेल तर महिनाभर थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. ही भेट कामाच्या वेळेत व्हावी, तिचा तपशील सेवापुस्तकात जाऊ नये, आणि उपचार चालू असेपर्यंत त्या व्यक्तीला प्रयोगशाळेतील किंवा कागदपत्रांचे काम द्यावे, तिच्या वेतनाला व बढतीला धक्का न लावता.